अपूर्णांकाला सीमा नसते

सीमाभागातील मराठी शाळांचा विषय निघाला की आपले लक्ष सामान्यतः तीन गोष्टींकडे जाते. शिक्षक आहेत की नाहीत, पुस्तके वेळेवर आली की नाहीत आणि शाळेचा पट टिकला की नाही. हे तिन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांसाठी झगडावे लागते हेही खरे आहे. परंतु गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला एक चौथा प्रश्न येऊन बसला आहे. आपल्या सभांतून, ठरावांतून आणि निवेदनांतून त्याची व्हावी तेवढी चर्चा होत नाही. वर्गात फळ्याशेजारी आता पडदा आला आहे, मग तो भिंतीवरचा मोठा पडदा असो की गुरुजींच्या हातातील मोबाईलचा लहानसा. हा पडदा कोणाच्या भाषेत बोलणार आणि कोणाच्या घरापर्यंत पोहोचणार, हा तो प्रश्न होय. गणिताच्या तासाला तो जितका तीव्र होतो तितका दुसऱ्या कोणत्याही तासाला होत नाही, म्हणून आज त्याविषयी लिहावयाचे आहे.

गणिताचा तास मुद्दाम निवडण्याचे कारण आहे. इतिहासातील एक धडा बुडाला तरी पुढचा धडा समजू शकतो. कवितेचे एक कडवे राहिले तरी पुढच्या कडव्याचा आनंद घेता येतो. गणितात तशी सवलत नाही. भागाकार कच्चा राहिला की अपूर्णांक कळत नाही, अपूर्णांक कळला नाही की टक्केवारी अडते, आणि टक्केवारी अडली की व्याज, नफातोटा, प्रमाण यांची दारे एकामागून एक बंद होतात. ‘असर’ या देशव्यापी पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले सुमारे ३१ टक्केच होती. म्हणजे दहांतील सात मुले पहिल्या दाराबाहेरच उभी आहेत. अशा वर्गात नवे साधन येते तेव्हा ते या सात मुलांना आत घेते की आत असलेल्या तिघांनाच आणखी पुढे नेते, ही त्या साधनाची खरी कसोटी होय.

या कसोटीचा प्रसंग २०२० साली आपोआप आला. महामारीमुळे मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि शिक्षण घराघरांतील यंत्रांवर जाऊन पडले. त्या वर्षी जुलै महिन्यात कर्नाटकात दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवरून आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ सुरू झाले. त्याच महिन्यात महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवरून मराठी माध्यमाच्या पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. चंदना ही कन्नड वाहिनी, तेव्हा तिच्यावरील गुरुजी कन्नडमधून बोलणार हे ओघानेच आले. सह्याद्री मराठी खरी, पण तिच्यावरील मालिका बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. आता बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार किंवा भालकी येथील मराठी शाळेतील मुलाची स्थिती पाहावी. त्याचा अभ्यासक्रम कर्नाटकाचा आणि भाषा महाराष्ट्राची. ज्या पडद्यावर त्याचा अभ्यासक्रम होता त्यावर त्याची भाषा नव्हती, आणि ज्या पडद्यावर त्याची भाषा होती त्यावर अभ्यासक्रम दुसऱ्याचा होता. १९५६ साली नकाशावर ओढलेली रेघ २०२० साली त्याच्या घरातील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उमटली.

कर्नाटक शासनाने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ नावाची योजना निघाली. तीत मुलांचे तीन गट कल्पिले होते : ज्यांच्या घरी इंटरनेटचा स्मार्टफोन आहे ते, ज्यांच्या घरी केवळ साधा फोन आहे ते, आणि ज्यांच्या घरी काहीच नाही ते. शिक्षकांनी वस्तीवस्तीत जाऊन, देवळाच्या ओवरीत किंवा झाडाखाली मुलांना भेटावे, अशी कल्पना होती. मुलांच्या घरी साधने सारखी नाहीत हे सरकारी कागदावर प्रथमच इतक्या उघडपणे मान्य झाले, ही गोष्ट लहान नव्हे. रोगाच्या भीतीने ती योजना ऑक्टोबरमध्ये थांबवावी लागली. पण तिच्यातील विभागणी साधनांवरून होती, भाषेवरून नव्हती. सीमाभागातील मुलाला मात्र दोन्ही अडचणी एकाच वेळी भोगाव्या लागतात. त्याच्या घरी फोन नसतो, आणि फोन असला तर फोन त्याची भाषा बोलत नाही.

‘आता घरोघरी फोन आहे, मग अडचण कसली?’ असे विचारणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. घरात फोन असणे आणि मुलाच्या हाती अभ्यासासाठी फोन असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वर उल्लेखिलेल्या पाहणीत ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण पाहणीच्या आदल्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी उपयोग केलेली मुले सुमारे ५७ टक्केच निघाली. ज्यांना फोन वापरता येतो अशा मुलामुलींतही स्वतःचा फोन असणारे मुलगे सुमारे ३६ टक्के आणि मुली सुमारे २७ टक्के होत्या. निपाणीच्या विडी कामगारांच्या वस्तीत किंवा खानापूरच्या जंगलपट्टीतील वाडीवर आकडेवारीवाचूनही हे दिसते. घरात फोन एकच, तो सकाळी बापाबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो. आला तरी प्रथम थोरल्या मुलाच्या हातात जातो. मुलीची पाळी येईपर्यंत तिचे डोळे मिटू लागलेले असतात. ‘गृहपाठ व्हॉट्सॲपवर पाठवला आहे’ हे वाक्य त्या मुलीला शाळेच्या दाराबाहेर ठेवते. गुरुजींच्या मनात तसे नसते, पण परिणाम तोच होतो.

ही अवस्था केवळ आपलीच आहे असेही नाही. सीमेपासून दूर, माळव्यात काय झाले ते पाहिले तर आपला प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. माळवा आपल्याला अगदी परका नाही. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला गेले आणि १९९२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. घरची भाषा कन्नड असलेला हा पुरुष मराठी रसिकांचा झाला आणि माळव्याची लोकगीते त्याने देशभर नेली. त्याच देवासात आणि शेजारच्या धारेत पवारांची मराठी राज्ये होती. १९४८ साली ती मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ साली मध्य प्रदेशात आली. तेथील जुन्या मराठी घरांत आजही मराठी बोलली जाते, सणवार होतात, आरत्या म्हटल्या जातात. पण त्या घरांतील मूल पाढे म्हणते ते बहुधा हिंदीत नाहीतर इंग्रजीत. देवघरात भाषा राहिली, हिशेबातून गेली. सीमाभागातील आपल्या घरांनी हा इशारा वेळीच ओळखावा.

धारेच्या पश्चिमेला, सरदारपूर तालुक्यात राजगडला लागून मोहनखेडा हे जैन तीर्थ आहे. ‘अभिधान राजेंद्र कोश’ हा प्राकृत-संस्कृताचा सात खंडांचा प्रचंड कोश रचणारे राजेंद्रसूरी १९०६ साली राजगड येथे निवर्तले. त्यांची समाधी मोहनखेड्यास आहे. जन्मभर शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या पुरुषाच्या समाधीभोवतीचा हा मुलूख भिल्ल-भिलाल्यांचा आहे. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची आहे. तेथील कित्येक मुलांच्या घरची बोली भिली किंवा भिलाली, आणि शाळेचे पुस्तक हिंदी. २०२० सालच्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेश शासनाने ‘डीजीलेप’ नावाची योजना काढून पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठ पाठवण्यास आरंभ केला. फोन नसलेल्या घरांत ते पाठ पोहोचणे शक्य नव्हते. जुलैपासून ‘हमारा घर हमारा विद्यालय’ ही मोहीम निघाली आणि घरीच घंटा किंवा थाळी वाजवून शाळा भरवावी असे सांगण्यात आले. फोनच्या पडद्यापासून थाळीपर्यंत सरकारला तीन महिन्यांत यावे लागले, यात त्या सरकारची नामुष्की नाही, उलट शहाणपण आहे. साधन सर्वांकडे नसेल तर सर्वांकडे असलेल्या साधनावर यावे लागते. मात्र थाळी वाजवूनही भाषेचे अंतर तेवढेच राहिले. धारेच्या मराठी मुलाची भाषा शाळेबाहेर राहिली होती, आणि मोहनखेड्याजवळच्या भिल्ल मुलाची भाषा शाळेत कधी शिरलीच नव्हती. आपण मराठीसाठी जे मागतो ते तत्त्वतः त्या मुलासाठीही मागितले पाहिजे, तरच आपली मागणी न्यायाची ठरते.

यावर कोणी म्हणेल की गणिताला भाषा कसली? आकडे सर्वत्र सारखेच. हा समज मोठा, आणि तितकाच चुकीचा आहे. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना आधी तीन येतात आणि मग साठ. कन्नडमध्ये ‘अरवत्तमूरु’ म्हणताना आधी साठ येतात आणि मग तीन. लिहिताना मात्र दोघेही सहा आधी लिहितात. पहिली-दुसरीतले मराठी मूल ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिते, ते निर्बुद्ध असते म्हणून नव्हे, तर कानाने ऐकलेला क्रम हाताने पाळल्यामुळे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ शब्दाच्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते हे वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या बदलाचे समर्थन करताना दक्षिणेकडील भाषांतील संख्यावाचनाच्या सुलभतेकडेच बोट दाखवले होते. त्या वादात कोणाचे खरे होते हा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली : संख्येचे नाव हे गणिताचे अंग आहे, नुसते वेष्टन नव्हे. घरी आणि शाळेत ‘त्रेसष्ट’ ऐकणाऱ्या मुलाला पडदा ‘अरवत्तमूरु’ ऐकवू लागला तर त्याच्यापुढे गणित एक आणि कोडी दोन उभी राहतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दीडकी, औटकी यांच्या ठेक्यावर आपल्या आज्यापणज्यांनी बाजारात मनातल्या मनात हिशेब केले. तो ठेका भाषेचाच होता.

तेव्हा पडदा नकोच, असे म्हणावयाचे आहे काय? मुळीच नाही. ज्या गोष्टी खडूने साधत नाहीत त्या पडद्याने साधतात. फळ्यावरचा त्रिकोण जागचा हलत नाही. पडद्यावरच्या त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने सरकवला की कोन बदलत जातात आणि त्यांची बेरीज मात्र १८० अंशच राहते. हे डोळ्यांनी पाहिलेले मूल ते सहसा विसरत नाही. पण नंतर त्याच मुलाने कागदाचा त्रिकोण कापून, त्याचे तीन कोपरे फाडून, एका रेषेवर शेजारी शेजारी मांडले पाहिजेत. पडद्याने विश्वास बसतो, हाताने समज येते. भागाकाराची रीत तर पडद्यावर कितीही वेळा पाहिली तरी पाटीवर घोटल्यावाचून येत नाही.

जगाचा अनुभवही असाच आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने लक्षावधी लॅपटॉप शाळांना वाटले. ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, त्यांत गणितात किंवा भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे दिसले नाही. उलट दिल्लीत २०१५ साली शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत एक प्रयोग झाला. तेथे यंत्र प्रत्येक मुलाला त्याच्या इयत्तेचा नव्हे, तर त्याला जमेल त्या पायरीचा प्रश्न देत असे, आणि तोही त्याच्या ओळखीच्या हिंदीत. साडेचार महिन्यांत मुलांच्या गणितात स्पष्ट सुधारणा आढळली. यंत्र तेथेही होते आणि येथेही होते. एका ठिकाणी ते वाटून मोकळे झाले, दुसऱ्या ठिकाणी मुलाची पायरी ओळखून वापरले. यंत्राची किंमत त्याच्या पावतीवर नसते, ते कसे वापरले यावर असते.

आता आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील उदाहरण घ्यावे, कारण ते आपल्या प्रश्नाचे जणू उलटे चित्र आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले शिकवीत असत. तेथील मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके मराठी. डिसले गुरुजींनी मुलांची भाषा शिकून घेतली, पाठ त्या भाषेत आणले आणि पुस्तकांवर चौकोनी क्यूआर संकेत छापून त्यांतून मुलांना पाठ ऐकण्या-पाहण्याची सोय करून दिली. पुढे महाराष्ट्राने हे संकेत आपल्या पाठ्यपुस्तकांत घेतले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. महाराष्ट्रातल्या एका सरकारी शाळेतील मराठी शिक्षकाने कन्नड मुलांसाठी यंत्राला कन्नड बोलायला लावले, त्याचा गौरव साऱ्या जगाने केला. बालभारती आजही कन्नड माध्यमाची पुस्तके छापते. मग सीमेच्या या बाजूला मराठी मुलासाठी यंत्राने मराठी बोलावे, असे आपण म्हटले तर त्यात कन्नडचा द्वेष कोठे आला? परितेवाडीत जे न्याय्य ते बेळगावात अन्याय्य कसे ठरेल?

येथे आम्हाला आमचे मुख्य म्हणणे मांडावयाचे आहे. इतिहासाचे पुस्तक राज्याराज्यांत वेगळे असते, नागरिकशास्त्रही वेगळे असते. त्या विषयांत महाराष्ट्राचे साहित्य सीमाभागातील मुलाला जसेच्या तसे उपयोगी पडणार नाही. पण तीन-चतुर्थांश हा कोल्हापुरात जेवढा असतो तेवढाच निपाणीत असतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्याची रीत दोडामार्गात एक आणि खानापुरात दुसरी अशी नसते. अपूर्णांकाला सीमा नसते. म्हणून सर्व विषयांत गणित हाच असा विषय आहे, की ज्यात महाराष्ट्रात तयार झालेले मराठी साहित्य आपल्या मुलांना आज, या घटकेला, कोणाच्या परवानगीची वाट न पाहता वापरता येते. केंद्र सरकारच्या २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावर महाराष्ट्राचे मराठी पाठ आहेत. ते बेळगावातील फोनवरही उघडतात, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालतात. बालभारतीची पुस्तके संगणकावर विनामूल्य मिळतात. अडचण एवढीच की कर्नाटकाच्या पुस्तकातील प्रकरणांचा क्रम आणि महाराष्ट्राच्या पुस्तकांतील क्रम जुळत नाही, आणि ही जुळणी करणे एकट्या शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

ही जुळणी आपण करावी, अशी आमची सूचना आहे. सीमाभागातील मराठी शाळांच्या गणित शिक्षकांनी, आणि सेवानिवृत्त शिक्षकांनीही, सुटीत एकत्र बसून पहिली ते दहावीचा एक तक्ता करावा. कर्नाटकाच्या मराठी पुस्तकातील अमुक प्रकरण, त्याला उपयोगी पडणारा मराठीतील अमुक पाठ, त्याची लांबी किती, आणि तो पाहून झाल्यावर पाटीवर करून घ्यावयाची अमुक उदाहरणे. दोन पुस्तकांत एकाच संकल्पनेला दोन शब्द असतील तर तेही तेथेच नोंदवावेत, म्हणजे मूल शब्दाने अडखळणार नाही. या कामाला पैसा फारसा लागत नाही. लागतात ते दिवस आणि निष्ठा, आणि या दोन्हींची सीमाभागाला कधी वाण पडलेली नाही.

वर्गातील वापराविषयी चार पथ्ये पाळावीत. पहिले, यंत्र मुलामागे एक नको, वर्गामागे एक पुरे. एक फोन, त्याला जोडलेला एक ध्वनिवर्धक आणि जमल्यास भिंतीवर चित्र टाकणारा एक प्रोजेक्टर. सर्वांनी एकच चित्र एकाच वेळी पाहिले की श्रीमंत-गरीब हा भेद वर्गाच्या उंबऱ्यावरच थांबतो. दुसरे, पाठ आदल्या दिवशीच उतरवून ठेवावा. भर तासात इंटरनेटची वाट पाहत बसलेला वर्ग पाढेही विसरतो. तिसरे, पडदा दहा मिनिटे, पाटी तीस मिनिटे. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यासाठी घरी फोन लागतो असा गृहपाठ कोणत्याही मुलाला देऊ नये. जे घरी करावयाचे ते कागद-पेन्सिलीने होईल असेच असावे. २०२० साली सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले होते. भिंतीलाही पडदा करता येतो, आणि त्या पडद्याला ना वीज लागते ना जोडणी.

पालकांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ‘मराठी शाळेत यंत्रे नाहीत म्हणून मूल इंग्रजी शाळेत घातले’ असे अनेकजण म्हणतात. त्यांचा दोष देण्याचे कारण नाही. मुलाचे भले कोणाला नको असते? माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, हे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. पण ही निवड गणिताच्या बळावर व्हावी, इमारतीच्या झगमगाटावर नव्हे. आपले मूल एकविसाला तीनने का भागले हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकते काय, एवढे एकदा विचारून पाहावे. ज्या भाषेत त्याला ते सांगता येते, ती त्याची गणिताची भाषा. कन्नड आणि इंग्रजी मुलाने अवश्य शिकाव्यात, उत्तम शिकाव्यात. ज्या मुलाचा पाया आपल्या भाषेत पक्का झाला ते दोन काय चार भाषा शिकेल.

याचा अर्थ सरकारची जबाबदारी संपली असा कोणी करू नये. राज्य पुनर्रचनेच्याच वर्षी, १९५६ साली, सातव्या दुरुस्तीने घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचे काम त्याने राज्यांवर सोपवले. १९५६ साली ‘सोयी’ या शब्दाचा अर्थ खोली, फळा, शिक्षक आणि पुस्तक एवढाच होता. कन्नड शाळेला आज पडदा, संगणक आणि कन्नड पाठ मिळत असतील, तर मराठी शाळेला पडदा, संगणक आणि मराठी पाठ मिळणे हा त्याच शब्दाचा आजचा अर्थ होय. कर्नाटक शासन मराठी माध्यमाची पुस्तके छापते, ते पुस्तकाने थांबू नये, पुस्तकाबरोबरचा पाठही मराठीत द्यावा. महाराष्ट्र शासनाकडेही आपले एक मागणे आहे. सीमाभागाविषयी विधिमंडळात भाषणे पुष्कळ झाली. आता आपल्या गणिताच्या पाठांची कर्नाटकाच्या मराठी पुस्तकांशी जुळणी करण्यास त्या शासनाने चार जाणकार माणसे द्यावीत. एका भाषणापेक्षा तो एक तक्ता आमच्या मुलांच्या अधिक कामाचा आहे.

आणि आपल्या नगरांतील व्यापारी, सहकारी संस्था व मंडळे यांनी काय करावे? याचे उत्तर आठशे वर्षांपूर्वीच्या एका शिळेवर आहे. चाळीसगावजवळ पाटणे येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, त्याचा १२०७ सालचा लेख तेथे आहे. भास्कराचार्यांच्या एका पूर्वजाला धारेच्या भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिल्याचा उल्लेख त्याच लेखात येतो. म्हणजे माळव्याशी आपले गणिताचे नाते राजकारणाहून कितीतरी जुने आहे. लेखाचा वंशवर्णनाचा भाग संस्कृतात आहे. परंतु बाजारात येणाऱ्या मालातून आणि तेलाच्या घाण्यांतून मठाला काय मिळावयाचे, तो तपशील मराठीत कोरलेला आहे. गणिताच्या शाळेचा खर्च बाजारपेठेच्या उत्पन्नातून चालत होता, आणि त्याचा हिशेब बाजारपेठेला कळेल अशा भाषेत मांडला होता. निपाणीच्या आणि बेळगावच्या पेठांना यापेक्षा चांगला कित्ता दुसरा कोणता हवा? एका मंडळाने एका मराठी शाळेला एक प्रोजेक्टर आणि एक ध्वनिवर्धक द्यावा. उत्सवातील एका दिवसाच्या रोषणाईपेक्षा तो खर्च जड जाणार नाही.

महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल आज स्वतः आईबाप होण्याच्या वयाचे झाले आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल, आणि तो न्यायाचा लागावा म्हणून आपली चळवळ थांबणार नाही. परंतु आज पहिलीत बसलेल्या मुलाला निकालाची वाट पाहता येत नाही. त्याला या वर्षी बेरीज, पुढे भागाकार आणि त्याही पुढे अपूर्णांक आलाच पाहिजे, आणि तो मराठीत आला पाहिजे. आपण विलीनीकरण मागतो ते कशासाठी? केवळ नकाशाचा रंग बदलावा म्हणून नव्हे. आपल्या मुलांनी आपल्या भाषेत विचार करावा, आपल्या भाषेत हिशेब करावा आणि त्या बळावर जगात ताठ मानेने उभे राहावे, म्हणूनच ना? मग जो हिशेब उद्याच्या महाराष्ट्रात करावयाचा, तो आजच्या वर्गात सुरू करण्यास कोणाची आडकाठी आहे? येत्या सुटीत तो तक्ता तयार व्हावा. ज्या शाळेला पडदा नाही तेथे पडदा जावा, आणि तो मराठीत बोलू लागावा.